चेहऱ्याची लाज मोजता येते का?

आमची एक माजी विद्यार्थिनी लातूरला क्लाससाठी राहते. ईदच्या सुट्टीत भेटायला आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, कमवायला लागले की आधी नाकाचं ऑपरेशन करणार." नाकात आम्हाला तर काही खोट दिसली नाही. बोलता बोलता कळलं, मोठ्या बहिणीचा रिश्ता बघायला आलेल्या बायकांनी हिच्याकडे बघून विचारलं होतं, "हिचं नाक कुणावर गेलं?" गोष्ट चार वर्षांपूर्वीची, पण तेव्हापासून ती फोटोत मागेच उभी राहते.

नाकाची लांबी पट्टीने मोजता येते. लाज कशी मोजायची? पोर्तुगालच्या संशोधकांनी २०१५ मध्ये यासाठी १४ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपल्याला किती वेळा लागू पडतं, त्याप्रमाणे ० ते ४ गुण द्यायचे. यात लाजेचे दोन भाग धरले आहेत. एक बाहेरची लाज: लोक माझ्या शरीराकडे बघून मला कमी लेखतात, म्हणून चारचौघांत जाणं टाळायचं. दुसरी आतली: कोणी काही बोललं नाही तरी स्वतःलाच आपलं शरीर नकोसं वाटणं, ते झाकत राहणं. गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असं नाही. पण सविस्तर बोलायची गरज आहे, हे त्यातून कळतं.

सर्जरीच्या आधी हे का बघायचं? काही लोकांना न दिसणारी किंवा अगदी किरकोळ खोट दिवसरात्र छळते. इटलीचे डॉक्टर मोर्सेली यांनी १८९१ मध्येच या आजाराचं वर्णन केलं. आज त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. साधारण १०० माणसांत दोघांना तो असतो. कॉस्मेटिक सर्जरीसाठी येणाऱ्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त आढळतं. अशांचं ऑपरेशन चांगलं झालं तरी बहुतेकांचं समाधान होत नाही. नाक झालं की हनुवटी खुपायला लागते. त्यांना उपयोग होतो तो समुपदेशनाचा आणि मानसोपचार तज्ज्ञांच्या औषधांचा.

याचा अर्थ सर्जरी वाईट, असा नाही. म्हैसूरच्या युद्धात कैद होऊन नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाचं नाक पुण्याजवळ एका वीट बनवणाऱ्याने कपाळाची कातडी वापरून पुन्हा घडवलं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ती हकीकत छापून आली आणि युरोपचे डॉक्टर ही पद्धत शिकले. हदीसमध्येही हजरत अरफजा (रजि.) यांचा प्रसंग आहे. लढाईत नाक गेल्यावर त्यांनी चांदीचं बसवलं, त्याला वास येऊ लागला, तेव्हा प्रेषितांनी (स.) सोन्याचं बसवायला सांगितलं. म्हणूनच उलेमा इजा किंवा व्यंग दुरुस्त करणं आणि निव्वळ सौंदर्यासाठी चेहरा बदलणं यांत फरक करतात. भाजलेला चेहरा किंवा फाटलेला ओठ यावर उपचार करून घेण्यात संकोच कसला?

घरात कोणी तासन् तास आरशासमोर असेल, "मी कशी दिसते?" असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, लग्नकार्य टाळत असेल, तर "नखरे करू नकोस" म्हणू नका. नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभागात दाखवा. टेली मानस, १४४१६, हा मोफत नंबरही आहे. मराठीतही बोलता येतं.

आणि रिश्ता बघायला जाल तेव्हा रंग, नाक, उंची यावर तिथेच बोलून मोकळं होऊ नका. आपण चहा पिऊन निघून येतो. ते वाक्य मात्र त्या घरातल्या पोरीजवळ राहतं.