फाशीचा अभ्यास करताना: कागद कुणी लिहिला, हे आधी विचारा

पेट पास झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि विषय सुचतोय ‘स्वातंत्र्यलढ्यातील अमुक जिल्ह्याचे हुतात्मे’. विषय वाईट नाही. पण आरआरसीमध्ये पहिलाच प्रश्न येतो, ‘यात तुम्ही नवीन काय शोधणार?’ त्याचं उत्तर कसं तयार करायचं, ते आज एका खऱ्या प्रकरणावरून बघू. प्रकरण आहे सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं.

आधी घटनाक्रम

5 मे 1930 च्या पहाटे गांधीजींना अटक झाली. सोलापूर हे गिरणी कामगारांचं शहर. तिथे लोक रस्त्यावर उतरले. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे मारले गेले. जमाव चिडला, पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लावली गेली. पुढचे काही दिवस शहरावर सरकारचा ताबा जवळपास राहिला नाही. 12 मे रोजी मार्शल लॉ लागला, तो 30 जूनपर्यंत होता. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. शिंदे आणि कुर्बान हुसेन तर विशीतलेच होते.

तारखा शेजारी शेजारी ठेवा

‘मार्शल लॉने चौघांना फाशी दिली’ असं वाक्य भाषणांत आणि लेखांत सर्रास दिसतं. आता वरच्या तारखा पुन्हा बघा. मार्शल लॉ उठला 30 जूनला आणि फाशी झाली त्यानंतर सहा महिन्यांनी.

मार्शल लॉच्या काळातल्या शिक्षा मुख्यतः तुरुंगवासाच्या आणि दंडाच्या होत्या. चौघांवरचा आरोप मात्र पोलिसांच्या खुनाचा होता आणि ते प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. म्हणजे फाशीपर्यंतचा रस्ता साक्षी, निकाल, अपील अशा पायऱ्यांनी बांधलेला होता.

हा फरक नुसता तांत्रिक नाही. सगळं खापर मार्शल लॉवर फोडलं, की नेहमीची कोर्टं आपोआप सुटतात. शिवाय सरकारला आंदोलन आणि गुन्हा वेगळे करून दाखवायचे होते. आम्ही आंदोलकांना मारत नाही, खुन्यांना शिक्षा देतो, असं त्याला म्हणता येत होतं. हुकूमशाही सत्ता कायदा गुंडाळून ठेवते असं आपण समजतो. बऱ्याचदा ती तोच कायदा वापरते.

हे आजही दिसतं. इराणमध्ये 2022 च्या आंदोलनानंतर 23 वर्षांच्या माजिदरेझा रहनवर्दला 12 डिसेंबरला मशहद शहरात जाहीर फाशी दिली. आरोप होता सुरक्षा दलाच्या दोघांना मारल्याचा आणि ‘देवाविरुद्ध युद्ध’ पुकारल्याचा. अटक ते फाशी, एकूण 23 दिवस. सोलापुरात याच प्रवासाला काही महिने लागले. तुलना करायचीच असेल तर ‘दोन्ही सरकारं क्रूर’ यावर थांबू नका. वेळ किती मिळाला, वकील कुणी निवडला, अपिलाची संधी होती का, हे मोजा.

‘निर्दोष होते का?’ की ‘खटला न्याय्य होता का?’

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सिनॉप्सिसमध्ये त्यांची सरमिसळ झाली की प्रबंध अडकतो. पहिल्याचं उत्तर नव्वदहून जास्त वर्षांनी तुम्हाला कदाचित मिळणारही नाही. दुसऱ्याचं मिळू शकतं. साक्षीदार कोण होते? त्यांचे जबाब घटनेनंतर किती दिवसांनी झाले? ओळख परेड झाली का? जमावात असणं आणि हात उगारणं यात कोर्टाने फरक केला का? तुमचं मन चौघांच्या बाजूने असेल तर असू द्या, माझंही आहे. पण मारले गेलेले पोलीसही माणसं होती, त्यांनाही घरंदारं होती. त्यांना प्रबंधातून गाळलंत, तर तुम्ही सरकारी फाईल फक्त उलटी करून लिहिली असं होईल.

ज्यांची फाईलच नाही

चौघांवर खटला झाला म्हणून त्यांचा कागद तयार झाला. शिवदारे गोळीने गेले, त्यांच्या नावाने असा खटला उभा राहायचा प्रश्नच नव्हता. मृत्यू तोच, पण दफ्तरात जागा वेगळी. सरकारने कसं मारलं, यावरून आपल्याला काय मिळणार हे ठरतं.

आपल्याच शहरात याचं टोकाचं उदाहरण आहे. क्रांती चौकाचं जुनं नाव काळा चबुतरा. जून 1857 मध्ये इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केलं. पुण्याकडून फौज आली, लष्करी न्यायालय बसलं आणि शिपायांना मारण्यात आलं, काहींना तर तोफेच्या तोंडी देऊन. हे शस्त्रधारी शिपाई होते, निदर्शक नव्हते, त्यामुळे सोलापूरशी सरळ तुलना नको. पण कागदाची तुलना करा. तिथे काही महिन्यांचा खटला, इथे झटपट निवाडा. इथल्या शिपायांबद्दल आपण वाचतो ते मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेलं. त्यामुळे इथे चौकाचं नाव, चौकाची लोकस्मृती हेही साधन धरावं लागतं. फक्त ही स्मृती नंतर घडलेली असते, हे विसरू नका.

मग सुरुवात कुठून?

एका वहीत तीन रकाने पाडा: सरकारी कागद, वर्तमानपत्रं, स्थानिक स्मृती. एकेक तारीख घेऊन तिन्ही रकाने भरत जा. मुंबईच्या राज्य अभिलेखागारातल्या गृह विभागाच्या फायली आणि हायकोर्टाचा निकाल पहिल्या रकान्यात. वर्तमानपत्रांचा रकाना मे-जून 1930 मध्ये विरळ दिसला तर घाबरू नका. सोलापूरच्या ‘कर्मयोगी’चे संपादक राजवाडे यांनाच मार्शल लॉमध्ये शिक्षा झाली होती. ते रिकामेपणही तुमचा पुरावाच आहे, नोंदवून ठेवा.

तिन्ही रकाने जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे खूण करा. आरआरसीला द्यायचं उत्तर तिथूनच निघेल. हायकोर्टाचं निकालपत्र ओळीओळीने कसं वाचायचं, ते पुढच्या लेखात.