रुग्ण हेच धनी

कारखान्यात किंवा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी कधी प्रथमोपचाराचा वर्ग केला असेल, त्यांना सेंट जॉन अँब्युलन्सचे चिन्ह आठवेल. आठ टोकांचा पांढरा क्रूस. पट्टी बांधायला शिकून आपण प्रमाणपत्र कपाटात ठेवून देतो. हा क्रूस आला कुठून, हे कोणी विचारत नाही. सेंट जॉन अँब्युलन्स इंग्रजांची, १८७७ सालची, म्हणजे या घराण्याची धाकटी पाती. थोरली पाती रोममध्ये आहे आणि तिचे वय नऊशे वर्षांच्या पुढे आहे. तिचे नाव ‘ऑर्डर ऑफ माल्टा’.

अकराव्या शतकात इटलीतल्या अमाल्फी बंदराच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. तिचा कारभार जेरार्ड नावाचे एक बंधू पाहत. त्यांच्या मंडळींना १११३ साली पोप दुसरे पास्कल यांनी स्वतंत्र संघ म्हणून मान्यता दिली. या संघाच्या भाषेत रुग्ण म्हणजे ‘आमचे धनी’ आणि संघबंधू त्यांचे चाकर. हे नुसते बोलायचे शब्द नव्हते. रुग्णाला मालकासारखे आधी जेवायला वाढायचे, बंधूंनी मागाहून जेवायचे, असा नियमच होता.

११८२ सालचे नियम तर एखाद्या दक्ष सासूबाईंनी लिहिल्यासारखे आहेत. खाट पुरेशी लांबरुंद हवी. प्रत्येकाला स्वतःची चादर. रात्री शौचाला जायचे तर अंगावर घ्यायला लोकरी झगा आणि पायांत घालायला काहीतरी. चार जाणते वैद्य नेमलेले. आठवड्यातून तीनदा ताजे मांस, आणि ज्याला ते चालत नाही त्याला कोंबडी. यात्रेला आलेली बाई तिथे बाळंत झाली, तर बाळासाठी वेगळा पाळणा. आठशे वर्षांपूर्वी कोणाला तरी त्या पाळण्याची आठवण राहिली, हे मला त्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठे वाटते.

लढाया झाल्या, हे मात्र लपवायचे कारण नाही. यात्रेकरूंच्या रक्षणासाठी म्हणून या संन्याशांनी तलवार धरली आणि ती सुटायला शतके लागली. आपल्याकडच्या गोसाव्यांच्या फौजा आठवा. १२९१ मध्ये अक्का हे शहर पडले, मग सायप्रस, मग ऱ्होड्स बेट. तुर्की सुलतान सुलेमानने तेथून काढल्यावर १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा बेट दिले. खंड किती? वर्षाला एक ससाणा!

माल्टाच्या व्हॅलेटा शहरातले त्यांचे रुग्णालय युरोपभर गाजले. एकेक सरदार-मंडळ वार वाटून घेऊन रुग्णसेवेला येई. बड्या घराण्यांतली मुले गरिबांना चांदीच्या ताटांतून वाढत. याच सरदारांच्या जहाजांची वल्ही मात्र गुलाम ओढत होते. एका हाताने वाढायचे आणि दुसऱ्या हाताने साखळी ओढायची, हे त्या काळाला खटकले नाही. आपल्याला खटकले पाहिजे. १७९८ मध्ये नेपोलियनने बेट घेतले. चांदी गेली, बेट गेले, आणि १८३४ पासून संघ रोममध्ये आहे. आज त्याच्याकडे राज्य नाही, पण शंभरावर देशांशी राजनैतिक संबंध आहेत, स्वतःची टपाल तिकिटे आहेत आणि संयुक्त राष्ट्रांत १९९४ पासून निरीक्षकाची जागाही आहे.

आजचे सदस्य साडेतेरा हजारांच्या आसपास. त्यांतले मूठभर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रते घेतलेले. बाकीचे पुष्कळसे संसारी स्त्रीपुरुष. श्रद्धेचे रक्षण आणि गरिबांची सेवा हे संघाचे ब्रीद. सदस्याने रोज प्रार्थना करावी, आणि सेवा स्वतःच्या हातांनी करावी ही अपेक्षा. देणगीची पावती फाडून मोकळे होणे कोणालाही जमते. इथे आजाऱ्याला भरवायचे, त्याची कूस बदलायची, त्याच्याशी बोलत बसायचे.

झगे आणि पदव्या आल्या की मानपानही येतो. याच नावाने बनावट ‘ऑर्डर’ काढून पैसे घेऊन सरदारकी विकणारेही निघाले. खऱ्या संघात सहसा अर्ज करून शिरता येत नाही. आधीचा सदस्य पुढे आणतो, मग तयारीचा काळ. पण कुलीनतेचा सोस त्यालाही होताच. प्रमुख होण्यासाठी उमराव घराण्याची अट होती, ती २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नवी घटना देऊन काढून टाकली. नऊशे वर्षे गरिबांना धनी म्हणणाऱ्यांना एवढे उमगायला इतका वेळ लागावा!

दर मे महिन्यात हे लोक फ्रान्समधल्या लूर्दच्या यात्रेला जमतात. आजारी, अपंग माणसे गाड्यांत बसतात आणि गणवेषातले सदस्य त्या गाड्या हातांनी ओढत चढ-उतार पार करतात. त्यांत कोणी वकील असतो, कोणी बँकेचा मोठा अधिकारी. पाऊस आला तर छत आधी गाडीवर.

जेरुसलेमजवळच्या बेथलेहेमात, येशूजन्माच्या चर्चपासून पायी जाण्याच्या अंतरावर, १९९० पासून संघ एक प्रसूतिगृह चालवतो. तिथे येणाऱ्या बहुतेक बाया मुसलमान आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथे खास विभाग आहे, आणि प्रत्येक बाळाला स्वतःचा पाळणा आहे.