मूकपटाला आमची पेटी-ढोलकी

यंदा बुद्धपौर्णिमेला अमडापूरला आम्ही वस्तीत पांढरी चादर ताणून 'लाइट ऑफ एशिया' पाहिला. १९२५ चा हा मूकपट भारतीय आणि जर्मन कलावंतांनी मिळून काढला; गौतमाचे काम हिमांशू राय यांचे. त्या काळी पडद्यापुढे बसून वादक पेटी-तबला वाजवीत. १९३१ ला 'आलम आरा' हा बोलपट आला आणि पुढे त्यांचे हे काम सुटले. आमच्याकडे गायन पार्टीच्या पोरांनी पेटी-ढोलकी धरली. म्हातारा, रोगी, प्रेत दिसले तशी पेटी रडू लागली. आयाबायांनी डोळ्यांना पदर लावला.

एका मुलीने विचारले, "एवढ्यासाठीच घर सोडले?" आम्ही बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचे युद्ध नको, म्हणून सिद्धार्थाने घर सोडले! बंधू-भगिनींनो, चित्रपट जरूर पाहा. पण नंतर मुलांजवळ बसून ग्रंथही वाचा.