बोट ट्रेलरचे बंक-रूपांतर

बंक-रूपांतर म्हणजे मोटारीमागे जोडून नौका वाहून नेणाऱ्या ट्रेलरवरील रबरी किंवा प्लास्टिकचे फिरते रोलर काढून त्या जागी लांब, आच्छादित आधारफळ्या बसवणे होय. या फळ्यांना बंक म्हणतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादी देशांत लहान खासगी नौका घरी ठेवून ट्रेलरने जलाशयापर्यंत नेण्याची पद्धत रूढ आहे. तेथे हे काम अनेक नौकामालक स्वतः करतात. वरकरणी हा सुट्या भागांचा बदल वाटत असला, तरी त्यामुळे नौकेचे वजन पेलण्याची रीत आणि ती पाण्यात उतरवण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी बदलतात.

रूपांतराची कारणे

रोलरवर नौकेचा भार मोजक्या बिंदूंवर एकवटतो. उदाहरणादाखल, ९०० किलोग्रॅम वजनाची नौका १६ रोलरवर ठेवली आणि प्रत्येक रोलर तळाला ६ चौरस सेंटिमीटर स्पर्श करतो असे मानले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ९.४ किलोग्रॅम भार येतो. तीच नौका ३ मीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद अशा दोन बंकांवर पूर्णपणे टेकली, तर हा भार ०.१७ किलोग्रॅमपर्यंत उतरतो. प्रत्यक्षात बंकाचा स्पर्श सर्वत्र सारखा नसतो. तरीही फरक मोठाच राहतो. रोलरमुळे पातळ ॲल्युमिनियमच्या तळाला पोचे पडू शकतात, तसेच फायबरग्लासच्या तळावर ताण येतो. शिवाय उन्हाने रबर कडक होऊन तडकते आणि रोलर फिरेनासे होतात.

पूर्वतयारी

जुने भाग काढण्यापूर्वी नौकेची ट्रेलरवरील जागा, तिची उंची आणि मागील टोकाचे ट्रेलरच्या टोकापासूनचे अंतर मोजून ठेवतात. नौका, इंजिन, इंधन व सामान यांचे एकत्रित वजन ट्रेलरच्या क्षमतेत बसते का, हेही पाहावे लागते. केवळ १०० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७५ किलोग्रॅम भरते. काम चालू असताना नौका पाण्यात ठेवणे किंवा भक्कम ठोकळ्यांवर टेकवणे आवश्यक असते. फक्त जॅकवर तोललेल्या नौकेखाली शिरणे जिवावर बेतू शकते.

साहित्य

बंकासाठी सामान्यतः ३८ मिलिमीटर जाड आणि ८९ किंवा १४० मिलिमीटर रुंद फळ्या वापरतात. लाकडाची निवड करताना विशेष दक्षता घ्यावी लागते. अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी आर्सेनिकयुक्त संरक्षक रसायनाचा वापर २००३ अखेर थांबला आणि त्याऐवजी तांब्याचे प्रमाण अधिक असलेली रसायने प्रचारात आली. असे लाकूड ओले असताना ॲल्युमिनियमला लागून राहिल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने धातू झिजतो व तळाला छिद्रे पडू शकतात. मधले कापडी आच्छादन हा धोका टाळत नाही, कारण ते स्वतःच ओलावा धरून ठेवते. म्हणून ॲल्युमिनियमच्या नौकेसाठी डग्लस फरसारखे रसायनविरहित लाकूड किंवा प्लास्टिकचे बंक निवडतात. बोल्ट व कंस स्टेनलेस स्टीलचे अथवा जस्तलेपित असतात.

बसवण्याची पद्धत

उंची कमी-जास्त करता येणारे कंस यू-बोल्टने ट्रेलरच्या आडव्या दांड्यांवर घट्ट बसवतात. तळाच्या उताराशी फळीचा पृष्ठभाग जुळावा म्हणून कंसाचे वरचे टोक फिरते असणे सोयीचे ठरते. बोल्टची डोकी फळीत खोलवर बसवून त्यांवरून आच्छादन ताणले जाते, म्हणजे तळाला ओरखडे पडत नाहीत. बंक तळावरील उभ्या कडांखाली न येता त्यांच्या मधल्या सपाट भागाखाली येणे इष्ट असते. तसेच बंक नौकेच्या मागील भिंतीपर्यंत पोहोचले पाहिजेत. इंजिनाचे वजन तेथेच असल्याने आधार अपुरा राहिल्यास तळ कायमचा वाकू शकतो.

शेवटी मोटारीशी जोडणाऱ्या टोकावरील भार तपासतात. नौकेच्या ट्रेलरसाठी तो एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. नौका मागे सरकून हा भार घटला, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावू लागतो.

वापरातील बदल व मर्यादा

रोलरवरून नौका घरंगळत उतरते. बंकावरून ती तरंगून उचलली जावी लागते. त्यामुळे ट्रेलर पाण्यात अधिक खोल न्यावा लागतो. प्रवासात तापलेले चाकाचे तुंबे थंड पाण्यात शिरताच आतील हवा आकुंचन पावते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढले जाऊ शकते. म्हणून तुंबे आधी थंड होऊ देतात व बेअरिंगचे वंगण वेळोवेळी तपासतात. आच्छादन गुळगुळीत करणारे फवारे वापरल्यास घर्षण कमी होऊन नौका कोरड्या उतारावरच निसटण्याचा धोका संभवतो; त्यामुळे ती पाण्यात पोहोचेपर्यंत विंचचा पट्टा सोडू नये, असा संकेत आहे.

उथळ पाण्याच्या किंवा ओहोटीत पाणी दूर जाणाऱ्या ठिकाणी रोलरच अधिक उपयुक्त ठरतात. म्हणून रूपांतराचा निर्णय नौकेच्या तळाइतकाच ती जिथे उतरवली जाते त्या किनाऱ्यावरही अवलंबून असतो.