आवड आणि निवड : विज्ञानकथा-अद्भुतकथेतील लेखकनिवडीचे निकष

'आपला आवडता लेखक' हा विषय शालेय निबंधाचा म्हणून पदव्युत्तर वर्गात बाजूला ठेवला जातो. तथापि लघुप्रबंधासाठी लेखक ठरविताना, अभ्यासपत्रिकेसाठी पुस्तक सुचविताना किंवा महाविद्यालयीन ग्रंथालयाची खरेदीयादी करताना तोच प्रश्न निराळ्या नावाने पुढे येतो. आवड ही वाचकाची खासगी बाब असते आणि तिचे समर्थन कोणी मागत नाही. निवडीचे मात्र समर्थन द्यावे लागते, कारण एक लेखक निवडताना दहा लेखक वगळले जातात. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या दोन प्रकारांत हा भेद विशेष तीव्रतेने जाणवतो. या प्रकारांचे वाचक बहुधा किशोरवयात घडलेले असतात आणि त्या वयातील मोह पुढे निकषाचे रूप घेऊन बसतो.

वऱ्हाडाच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अरुण साधू यांचा जन्म १९४१ साली अमरावती जिल्ह्यातील अचलपूर-परतवाडा परिसरातला. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांचे लेखक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. २००७ साली नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनीच 'विप्लवा' ही विज्ञानकादंबरी लिहिली, ही गोष्ट मात्र चर्चेत क्वचितच येते. राजकीय कादंबरीकार म्हणून त्यांची निवड एकदा झाली आणि त्या निवडीने त्यांच्या लेखनाचा दुसरा भाग झाकला गेला. निवडीचे निकष तपासून पाहण्याची गरज येथून निर्माण होते.

अद्भुताची तीन रूपे

निकषांकडे वळण्यापूर्वी 'अद्भुत' या संज्ञेची व्याप्ती स्पष्ट करणे आवश्यक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा स्वतंत्र रस असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव सांगितला आहे. परंतु विस्मय उत्पन्न करणारे प्रत्येक लेखन अद्भुतकथा ठरत नाही. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे महानुभाव वाङ्मयाचे एक केंद्र. 'लीळाचरित्रा'त आणि गोविंदप्रभूंच्या चरित्रात अलौकिक प्रसंग आहेत. पण सांगणाऱ्याच्या लेखी ते घडलेले आहेत. ती साक्ष आहे, कल्पित नव्हे. अशा प्रसंगांना 'फॅंटसी' म्हणणे म्हणजे त्या ग्रंथाशी वाचकाचा असलेला करारच बदलणे होय.

दुसरे रूप दंतकथेचे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर विष्णूने लवणासुराचा वध केल्याच्या कथेशी जोडलेले आहे आणि तेथील दैत्यसूदन मंदिर त्या कथेची आठवण जागी ठेवते. भूशास्त्राच्या मते हे विवर बेसाल्ट खडकावर उल्का आदळल्याने निर्माण झाले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. दंतकथा आणि विज्ञान ही दोन्ही येथे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : ही जागा अशी का आहे? दंतकथेचे अद्भुत स्पष्टीकरणासाठी अवतरते.

तिसरे रूप आधुनिक कल्पित कथेचे. येथे लेखक आणि वाचक दोघांनाही ठाऊक असते की हे घडलेले नाही. तरीही ते काही काळ खरे मानण्याचे दोघे ठरवितात. हलबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) किंवा रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांपासून ही परंपरा मराठीत दिसते. विज्ञानकथा आणि आजची अद्भुतकथा या तिसऱ्या रूपाच्या दोन शाखा आहेत. पहिलीत अशक्याला ज्ञात विज्ञानाचा किंवा त्याच्या तर्कशुद्ध विस्ताराचा आधार असतो. दुसरीत असा आधार नसतो. तिथे लेखकाने स्वतः घातलेले नियम पाळले जातात. एका शाखेची कसोटी दुसरीला लावली की दोन्हींवर अन्याय होतो.

पहिला निकष : विज्ञानाची अपरिहार्यता

कथेतील विज्ञान काढून टाकले तर कथा शिल्लक राहते काय, हा विज्ञानकथेच्या परीक्षेचा पहिला प्रश्न होय. अंतराळयानाऐवजी आगगाडी आणि परग्रहाऐवजी परगाव घालूनही कथा तशीच चालत असेल, तर विज्ञान तेथे केवळ वेशभूषा आहे.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या दोन कथा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत मोबियस पट्टीच्या भूमितीतून डाव्या-उजव्याची अदलाबदल घडते. ही भूमिती वगळली तर कथेत काहीच उरत नाही. उजव्या सोंडेच्या गणपतीविषयी मराठी घरात असलेली धारणा माहीत असलेल्या वाचकाला हा उलटापालट अधिक भिडतो, हे त्या कथेचे सांस्कृतिक बळ. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात पोहोचतात, जेथे १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांचा गोळी लागून मृत्यू झालेला नाही आणि मराठ्यांचा विजय झाला आहे. एका क्षणाच्या फरकाने इतिहासाच्या दोन वाटा कशा फुटतात, हे सांगण्यासाठी लेखक पुंजसिद्धांताचा आधार घेतो. पानिपताचे शल्य बाळगणाऱ्या समाजात ही कल्पना केवळ बुद्धीचा खेळ राहत नाही. या कथेचा इंग्रजी अवतार अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातही समाविष्ट झाला.

याच लेखकाच्या मर्यादाही याच निकषातून दिसतात. स्पष्टीकरणासाठी योजलेले संवाद कथेची गती रोखतात आणि व्यक्तिरेखा अनेकदा कल्पनेच्या वाहक एवढ्याच राहतात. शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी', बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आणि निरंजन घाटे यांचे लेखन यांच्याशी तुलना केल्यावाचून नारळीकरांची निवड पूर्ण होत नाही. फोंडके यांनी संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमॉरो' (१९९३) हा विविध भारतीय भाषांतील १९ कथांचा संग्रह तुलनेसाठी उपयुक्त आहे. संपादकाने काय घेतले हे त्यात दिसते. काय सोडले असावे याचा अंदाज अभ्यासकाने घ्यावयाचा असतो.

दुसरा निकष : नाव झाकून वाचन

लेखकाच्या नावाचा वाचनावर किती परिणाम होतो, याचे उत्तम उदाहरण मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते 'नारायण विनायक जगताप'. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात पाठविली होती. खगोलशास्त्रज्ञ म्हणून तोवर झालेल्या कीर्तीचा परीक्षकांवर भार पडू नये, हा हेतू त्यात होता. परीक्षकांनी लेखक निवडला नाही, कथा निवडली. लेखक मागाहून सापडला.

जगातील नामवंत पुरस्कारांतही निवडणारा कोण, यावर निवडीचे स्वरूप अवलंबून असते. १९५३ पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सदस्यांच्या, म्हणजे मुख्यतः वाचकांच्या, मतांनी ठरतो. नेब्युला पुरस्कारासाठी व्यावसायिक लेखक मतदान करतात. २०१५ साली लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या कादंबरीला ह्यूगो मिळाला, तेव्हा प्रथमच एका अनुवादित कादंबरीची अशी निवड झाली. साठ वर्षे इतर भाषांत उत्तम लेखन नव्हते, असा याचा अर्थ होत नाही. मतदारांच्या हाती ते पोहोचले नव्हते. अमरावती वा अकोल्याच्या वाचकाची आवडही हाती आलेल्या पुस्तकांच्या मर्यादेतच घडते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरा निकष : अनुवाद व रूपांतर यांचा हिशेब

'आवडता लेखक ज्यूल व्हर्न' असे म्हणणारा मराठी वाचक बहुधा भा. रा. भागवतांचे मराठी वाचून मोठा झालेला असतो. 'चंद्रावर स्वारी' वाचताना कल्पना व्हर्नची असली, तरी वाक्याची उडी आणि विनोदाची जात भागवतांची असते. तेव्हा आवड नेमकी कोणाची, हा प्रश्न अभ्यासकाने टाळू नये.

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या बाबतीत तो अधिक अवघड होतो. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. केवळ स्वतंत्रतेच्या कसोटीने धारपांना बाद करणे सोपे आहे. परंतु परदेशी भय मराठी घरात, मराठी नात्यांत आणि मराठी देवाधर्माच्या चौकटीत बसविताना काय बदलले, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. मूळ आणि रूपांतर समोरासमोर ठेवून केलेला लघुप्रबंध या लेखकाचे खरे मोल ठरवू शकेल.

चौथा निकष : कल्पित जगाची अंतर्गत सुसंगती

अद्भुतकथेला विज्ञानाचा आधार नसतो, म्हणून तिला वाटेल ते चालते हा समज चुकीचा आहे. उलट तिला बाहेरचा आधार नसल्याने आतला नियम अधिक काटेकोर लागतो. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांचा प्रदेश कोणत्याही नकाशावर नाही. तरीही तेथील नियती, तेथील दगड आणि तेथील माणसे एकाच कायद्याने बांधलेली आहेत. समीक्षेने जी. एं.ना रूपककथाकार म्हणून स्वीकारले आणि अद्भुतकथेच्या परंपरेत त्यांचा विचार क्वचितच केला. प्रतिष्ठित लेखकाला 'गंभीर' ठरविण्यासाठी त्याचा प्रकार बदलायचा, ही सवय साधूंच्या बाबतीत दिसलेल्या सवयीचीच दुसरी बाजू आहे.

वऱ्हाडातील अभ्यासकापुढील काम

या चार निकषांवर 'विप्लवा' पुन्हा वाचली जावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. सत्तेच्या व्यवहाराचा जो शोध 'सिंहासन'मध्ये आहे, तो विज्ञानकादंबरीत पुढे जातो की थांबतो? पत्रकाराची नजर कल्पित जगात कशी काम करते? या प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल आली, तरी ती वाचनातून आलेली असतील.

दुसरे काम भाषेचे आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य सिद्ध केले. मराठी विज्ञानकथेतील पात्रे मात्र बहुतांशी पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीतच बोलतात. भविष्यकाळात जणू बोली उरणारच नाहीत. भविष्याच्या चित्रात कोणाची भाषा टिकते आणि कोणाची पुसली जाते, हा प्रश्न वऱ्हाडातील विद्यार्थी इतरांहून अधिक अधिकाराने विचारू शकतो.

आवडीचा लेखक असण्यात कमीपणा नाही. अभ्यासाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. मात्र शिक्षकाने विद्यार्थ्याला लेखकाचे नाव सुचविण्याआधी, नाव झाकलेल्या दोन कथा वाचावयास द्याव्यात आणि मग कारण विचारावे. 'कृष्णविवर'च्या परीक्षकांना जी संधी एका टोपणनावाने दिली, ती प्रत्येक वर्गात निर्माण करता येण्यासारखी आहे.