रस्त्यावरची प्रार्थना आणि परक्याचें दुखणें

परक्या मनुष्याच्या दुखण्यासाठीं देवापाशीं मागणें मागावें, ही कल्पना आपणांस नवी नाहीं. दक्षिण कोंकणांत ग्रामदेवतेपुढें गाऱ्हाणें घालतात, तेव्हां एकानें उच्च स्वरानें दुखणाइताचें नांव घेऊन मागणें मागावें व जमलेल्यांनीं 'होय महाराजा' म्हणून त्यास दुजोरा द्यावा, असा प्रघात आहे. ज्ञानेश्वरमहाराजांनीं तर पसायदानांत सर्व भूतांचें कल्याण मागितलें. परंतु देवळाच्या सभामंडपांत ओळखीच्या मनुष्यासाठीं केलेली प्रार्थना निराळी, आणि भर रस्त्यांत अनोळखी मनुष्याच्या मस्तकावर हात ठेवून 'तुमची व्याधि आतांच जाईल' असें सांगणारी प्रार्थना निराळी. ख्रिस्ती उपदेशकांच्या या दुसऱ्या प्रकाराविषयीं आपल्या घरांतून उपहास तरी ऐकूं येतो किंवा संताप तरी. दोहोंपैकीं कशानेंहि दुखणाइताचें हित होत नाहीं. म्हणून या विषयाचा शांतपणें विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

या विचारास रत्नागिरी जिल्ह्यांतील लोटे हें गांव सोयीचें आहे. खेड तालुक्यांतील हें गांव मुंबई-गोवा महामार्गावर असून शेजारींच श्रीपरशुरामाचें क्षेत्र आहे. एकीकडे दर्शनास येणारे यात्रेकरू, तर दुसरीकडे औद्योगिक वसाहतींतील रासायनिक कारखान्यांत पोटासाठीं आलेले कामगार. अशा ठिकाणीं आजारी पडलेला मनुष्य पुष्कळदां घरापासून दूर व एकटा असतो. त्याची आपुलकीनें विचारपूस करणारा कोणीहि त्यास देवासारखा वाटावा, यांत नवल नाहीं.

शिवाय महाराष्ट्रांतील ख्रिस्ती उपदेशाचा एक आरंभ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर झालेला आहे. १८२३ सालीं स्कॉटलंडचे मिशनरी बाणकोटास आले व पुढें हर्णै येथेंहि त्यांनीं आपलें ठाणें केलें. १८२९ सालीं आलेले जॉन विल्सन प्रथम हर्णैस राहून मराठी शिकले आणि मग मुंबईस गेले. तेथें मोरभट दांडेकरांनीं त्यांच्याशीं वाद केला. १८५७ सालीं विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकांठच्या वाळूंत पाद्र्यांशीं जाहीर वादविवाद चालविला. प्रतिपक्षांत जॉर्ज बोवेन होते. अत्यंत साधेपणानें राहून मुंबईच्या रस्त्यांत उपदेश करण्यांत त्यांनीं आयुष्य घालविलें. १८८२ सालीं मुक्तिफौजेची मंडळी मुंबईस उतरली व वाजतगाजत रस्त्यांतून निघाल्याबद्दल सरकारनें त्यांस अटक केली. तेव्हां त्यांची बाजू केशवचंद्र सेनांनीं घेतली. सांगण्याचें तात्पर्य, रस्त्यावरच्या उपदेशास आमच्या पूर्वजांनीं उत्तर दिलें तें वादानें. आणि इंग्रज सरकारच्या दंडुक्याविरुद्ध उपदेशकांचा कैवार घेणारा पुढारी ब्राह्मसमाजाचा होता.

याच जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांनीं उपदेशासाठीं परकीय पद्धत न घेतां कीर्तन व भजन हाताशीं धरलें. त्यांच्या धर्मांतरानें घरांत केवढें वादळ उठलें, हें लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांतून घरोघरीं ठाऊक आहे. प्रार्थनेच्या मागें धर्मांतराची अपेक्षा आहे कीं काय, हा प्रश्न आपल्या घरांत इतका हळवा कां, याचें उत्तर तेथें सांपडतें.

आतां दुखण्याकडे वळूं. जुन्या मिशनऱ्यांपैकीं गॉर्डन हॉल हे १८२६ सालीं नाशिकच्या बाजूस फिरतीवर असतां पटकीची सांथ चालू होती. त्यांनीं जवळचें औषध लोकांस वांटलें व परततांना त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. मिरजेस डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें. तेथें प्रार्थना होत असे, परंतु शस्त्रक्रियेच्या जागीं नव्हे, तर तिच्या जोडीला. मिरजेचें नांव दूरवर झालें तें शस्त्रानें व शुश्रूषेनें. प्रार्थना औषधाच्या शेजारीं उभी राहते तेथवर तिच्याशीं आमचें भांडण नाहीं. ती औषधास दाराबाहेर घालविते तेथें मात्र आहे.

रस्त्यावर प्रार्थना होतांच गुडघा दुखावयाचा थांबला, असें सांगणारे लोक खोटेंच बोलतात असें नाहीं. वेदना मुळांतच कमीजास्त होणारी. भोंवतीं माणसें जमलीं, मायेचा हात लागला, मन उचंबळून आलें, म्हणजे ती कांहीं काळ दबते. पुष्कळ दुखणीं आपोआपहि बरीं होतात. ज्यास गुण आला तो चारचौघांत सांगतो. ज्यास आला नाहीं तो मुकाट्यानें घरीं जातो, त्याची गणती कोणी करीत नाहीं. अशी गणती अमेरिकेंत हर्बर्ट बेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली व २००६ सालीं प्रसिद्ध केली. हृदयावर शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण त्यांनीं घेतले. प्रार्थना होईलच असें न सांगतां ज्यांच्यासाठीं ती केली, त्यांपैकीं शेंकडा ५२ जणांस शस्त्रक्रियेनंतर उपद्रव झाला. तशाच अनिश्चिततेंत ज्यांच्यासाठीं ती केली नाहीं, त्यांपैकीं ५१ जणांस. आणि आपल्यासाठीं प्रार्थना चालू आहे हें ज्यांस पक्कें ठाऊक होतें, त्यांपैकीं ५९ जणांस. शेवटचा फरक योगायोगाचाहि असूं शकेल, असें संशोधकांनीं म्हटलें. परंतु दूरस्थांच्या प्रार्थनेनें उपद्रव कमी झाले नाहींत, एवढें स्पष्ट झालें.

उलट बाजूचें उदाहरण लोट्याच्याच महामार्गावर, उत्तरेस महाड येथें आहे. कोंकणांत विंचू चावला कीं मांत्रिकाकडे धांव घ्यावयाची, ही रीत जुनी. आणि लाल विंचवाच्या विषानें माणसें, विशेषतः मुलें, दगावत. डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन नांवाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, आणि तिच्यामुळें मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. गोळीस वेळ महत्त्वाचा. मंत्र असो वा प्रार्थना, तिच्यांत गेलेला तास कोणी परत देत नाहीं. क्षय, अपस्मार, मधुमेह यांचेंहि तसेंच. क्षयाचें औषध साधारणतः सहा महिने नेमानें घ्यावें लागतें. बरें वाटूं लागलें म्हणून तें मध्येंच सोडल्यास रोग औषधास न जुमानणारा होऊन परततो.

ख्रिस्ती धर्मग्रंथांतहि या बाबतींत मर्यादा सांगितलेली आहे. चार लोकांनीं पाहावें म्हणून प्रार्थना करूं नये, खोलीचें दार लावून करावी, असा येशूचा उपदेश आहे. आंधळा भिकारी समोर आला असतां, मीं तुझ्यासाठीं काय करावें, असें येशूनें त्यास आधीं विचारल्याची कथा आहे. याकोबाच्या पत्रांत आजाऱ्यानें मंडळीच्या वडीलधाऱ्यांस बोलवावें असें म्हटलें आहे. न बोलावतां त्यांनीं जावें असें नव्हे. लूक हा तर वैद्यच होता. भाविक ख्रिस्ती मनुष्यास याहून निराळा निकष लावण्याची गरज नाहीं.

कायदाहि हाच मार्ग दाखवितो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदानें प्रत्येकास धर्माचा प्रसार करण्याची मुभा दिली, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. प्रसार करण्याच्या हक्कांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. महाराष्ट्रांत २०१३ सालीं, डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रें चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणें हा त्यानें गुन्हा ठरविला; कोणास इजा न करणारी प्रार्थना मात्र त्यानें मोकळी ठेविली. हा कायदा सर्व धर्मांस सारखाच लागू आहे. बुवाचा अंगारा एका मापानें व पाद्र्याचा हात दुसऱ्या मापानें मोजणें आम्हांसहि शोभणार नाहीं.

तेव्हां आमच्या वाचकांनीं घरांतील मुलांस व सुनांस तीन प्रश्न शिकवून ठेवावे. प्रार्थना करणाऱ्यानें आधीं परवानगी विचारली काय? औषध चालू ठेवा, असें त्यानें सांगितलें काय? आणि पैसा, सभेस येणें किंवा धर्म बदलणें, यांपैकीं कशाचीहि अट त्यानें घातली नाहीं ना? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर त्याची सदिच्छा घ्यावी किंवा नम्रपणें नाकारावी, दोन्ही शोभतील. एकहि उत्तर वांकडें असेल, तर रुग्णाचा हात धरून सरळ दवाखान्याची वाट धरावी.

आणि एक प्रश्न स्वतःसहि विचारावा. आपल्याच आळींतील आजारी मनुष्याच्या उशाशीं आपण शेवटचे केव्हां बसलों होतों? भरल्या कुटुंबांतहि माजघराच्या कोपऱ्यांत पडलेल्या वृद्धेस दिवसभर कोणी 'कसें वाटतें?' म्हणून विचारीत नाहीं, असें घडतें. ती विचारपूस घरांत झाली नाहीं, तर ती करणाऱ्या परक्याच्या शब्दावर ती चटकन् विश्वास ठेवील, आणि तो म्हणेल तर औषधहि टाकील. मायेची भूक घरींच भागली, तर औषध बंद करण्याचा सल्ला बाहेरून कोणीहि दिला तरी तो दुखणाइताच्या कानांत शिरणार नाहीं.