लघवीचा रंग काय सांगतो?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मराठवाड्याला पाण्याची काटकसर नवी नाही. मात्र ती पिण्याच्या पाण्यापर्यंत आली, की त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. लातूर असो वा नांदेड, उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे गेला, की घामावाटे बरेच पाणी निघून जाते. ही तूट ओळखण्याचे बिनखर्चाचे साधन प्रत्येकाजवळ आहे, ते म्हणजे लघवीचा रंग.

लघवीचा पिवळेपणा युरोक्रोम या रंगद्रव्यामुळे येतो. जुन्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनच्या विघटनातून ते तयार होते. शरीरात पाणी कमी पडले, की मेंदूतून स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. रंगद्रव्य तेवढेच राहते, पाणी घटते आणि रंग गडद होतो.

फिकट पिवळा रंग पाणी पुरेसे असल्याचे लक्षण होय. गडद पिवळा रंग दिसल्यास पाणी वाढवावे. सकाळची पहिली लघवी बहुधा गडदच असते, म्हणून दिवसा रंग पाहणे उचित. लघवी सतत दाट राहिल्यास त्यातील क्षारांचे कण साचून मूतखडा होण्याचा संभव वाढतो. उन्हात राबणारे मजूर आणि स्वच्छतागृहाअभावी प्रवासात, बाजारात पाणी पिण्याचे टाळणाऱ्या स्त्रिया यांना हा धोका अधिक. लघवी तुंबवून ठेवल्याने जंतुसंसर्गालाही वाव मिळतो.

रंग बदलण्यास दरवेळी पाणीच कारणीभूत नसते. बीट खाल्ल्यास लघवी तांबूस, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी गर्द पिवळी, तर क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने नारिंगी होते. मात्र पुरेसे पाणी पिऊनही ती काळ्या चहासारखी दिसत असेल आणि डोळे पिवळे असतील, तर कावीळीची शंका घ्यावी. लघवीतून रक्त गेल्यास, वेदना नसल्या तरी, डॉक्टरांना दाखवावे. रंगहीन लघवी वारंवार होऊन तहान भागत नसेल, तर रक्तातील साखर तपासावी.

हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर बंधन आहे, त्यांनी डॉक्टरांचेच प्रमाण पाळावे. इतरांनी टंचाईत सांडपाण्यात जाणारे पाणी वाचवावे. पिण्याच्या तांब्यात काटकसर नको.